एनबीएत कॅप सगळ्यांना सारखा, मग टीम बुडतात कुठे? मधल्या पगारात

प्रश्न असा आहे की एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, ३० टीमना सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) एकच, तरी काही टीम वर्षानुवर्षं वर आणि काही कायम गाळात, हे कसं काय, आणि तुमच्या हातात एखादी टीम दिली तर पहिलं काय कराल.

मी नऊ वर्षं याच धंद्यात काढली, आधी खेळाडूंच्या एका एजंटकडे आणि मग एका टीमच्या ऑफिसात. काम कॅप शीट सांभाळायचं, म्हणजे कोणाचा पगार किती, कुठल्या तारखेला कुठला हक्क संपतो, कोणाला घेतलं तर कुठला दरवाजा बंद होतो, हे सगळं. लोकांना वाटायचं मी रोज कोर्टाच्या कडेला बसून मॅच बघतो, प्रत्यक्षात निम्म्या मॅच मी एक्सेल उघडं ठेवून आवाज बंद करून बघितल्यात. त्यामुळे उत्तर थोडं अकाउंटंटी वाटेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे कॅप सारखा असला तरी तो भिंत नाहीये. आपल्याकडे आयपीएलची पर्स कशी, २०२५ च्या मेगा ऑक्शनला १२० कोटी म्हणजे १२० कोटी, संपली की हात वर. एनबीएचा कॅप तसा नाही, तो अनेक दारं असलेला वाडा आहे. २०२५-२६ चा कॅप १५४.६ मिलियन डॉलर, रुपयात साधारण तेराशे कोटी, पण बहुतेक टीम त्याच्या वरच असतात आणि ते नियमातच आहे. त्याच्या वर १८७.९ ला लक्झरी टॅक्स, म्हणजे तिथून वर गेलात की लीगला जादा पैसे भरा, मग १९५.९ ला पहिला एप्रन, २०७.८ ला दुसरा एप्रन, म्हणजे ओलांडल्या की जास्त बंधनं लागतात अशा दोन रेषा. तुम्ही कॅपच्या वर जाऊ शकता, फक्त कुठल्या दाराने गेलात त्यावर पुढे काय करता येईल ते ठरतं.

यातलं सगळ्यात मोठं दार म्हणजे बर्ड राइट्स, लॅरी बर्डच्या नावाने ओळखलं जाणारं. तुमचा स्वतःचा खेळाडू तीन वर्षं सलग कॉन्ट्रॅक्टवर असेल आणि मध्ये त्याला सोडलं नसेल तर कॅप ओलांडूनही त्याला हवा तेवढा पगार देता येतो, मॅक्सपर्यंत, म्हणजे एका खेळाडूच्या पगाराला असलेल्या छतापर्यंत. ऐकायला साधं वाटतं, पण हे नसलं की काय होतं ते डेन्व्हरला विचारा. २०२३ ला ते चॅम्पियन झाले, त्यात ब्रूस ब्राउनचा वाटा मोठा, पण तो एकाच वर्षापूर्वी साडेसहा मिलियनवर आलेला, म्हणजे पूर्ण बर्ड राइट्स नाहीत, फार तर आधीच्या पगाराच्या १२० टक्के, पावणेआठ मिलियनच्या आसपास देता येणार. इंडियानाने त्याला दोन वर्षांचे ४५ मिलियन दिले. डेन्व्हरचे मालक श्रीमंत होते, पैसे द्यायला तयार असते तरी उपयोग नव्हता, दारच नव्हतं. विजयाच्या परेडला तो नाचत होता तेव्हा कॅपवाल्याला माहीत असणार की हा गेला.

(या हक्कांसाठी लोक काय करतात ते बघा, मिनेसोटाने जो स्मिथ नावाच्या खेळाडूबरोबर गुपचूप लेखी करार केला होता की आत्ता तू कमी पैशात खेळ, बर्ड राइट्स मिळाले की आम्ही भरपाई करू. २००० साली ते उघडकीस आलं, लीगने पाच पहिल्या फेरीचे ड्राफ्ट पिक (नवीन पोरांच्या निवडीत आपल्या नंबरवर एक पोरगा घ्यायचा हक्क) काढून घेतले, नंतर काही परत दिले, वर साडेतीन मिलियन दंड. तोंडी आश्वासनं धंद्यात सगळेच देतात असं कुजबुजतात, पण कागदावर लिहून सही करणारे हेच.)

आता मुख्य मुद्दा, आणि हा मी नवीन आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगायचो. टीम सुपरस्टारच्या पगाराने बुडत नाही. टीम बुडते ती पंधरा-वीस मिलियनच्या मधल्या कॉन्ट्रॅक्टने. लोक पेपरात वाचतात अमक्याला पाच वर्षांचे ३०० मिलियन आणि म्हणतात वेडे झालेत का, पण हिशोब उलटा आहे. एनबीएत एका खेळाडूच्या पगारालाही छत आहे, लीगमध्ये सहा वर्षांपर्यंत असेल तर कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षं ३० टक्के, दहाच्या पुढे ३५ टक्के, आणि काही अटी पूर्ण केल्या की आधीच वरच्या पायरीवर उडी मारता येते. पण कोर्टावर पाचच माणसं. डेन्व्हरच्या योकिचसारखा खेळाडू एकटा टीमचं काय करतो ते बघा आणि सांगा, त्याची खरी किंमत ३५ टक्केच आहे का? खुल्या बाजारात त्याला निम्मा कॅप देणारे मिळतील. म्हणजे छताला टेकलेला सुपरस्टार हा लीगमधला सगळ्यात स्वस्त माल. मॅक्स पगार घेणारा पण सुपरस्टार नसलेला खेळाडू, तो मात्र सगळ्यात महाग, आणि दोघांचा आकडा शीटवर सारखाच दिसतो.

दुसरा स्वस्त माल म्हणजे ड्राफ्टमधून आलेली पोरं. पहिल्या फेरीत निवडलेल्याचा पगार चार वर्षं ठरलेला असतो, तो कितीही चांगला खेळो. ओक्लाहोमाचा जेलन विल्यम्स २०२४-२५ ला पाच मिलियनच्या आत कमवत होता आणि त्याने फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये ४० पॉइंट मारले. त्या वर्षी ओक्लाहोमा ६८ मॅच जिंकली आणि चॅम्पियन झाली. त्याच टीमचा चेट होल्मग्रेनही रूकी कॉन्ट्रॅक्टवरच, म्हणजे ड्राफ्टच्या ठरलेल्या पगारावर, ११ मिलियनच्या आसपास. दोघं मिळून १६ मिलियन धरा, आणि बाजारात तेवढ्यात एक बरा राखीव खेळाडू येतो. हा जो फरक उरतो ना, त्याच्यावर बाकीची टीम उभी राहते, त्यातूनच हार्टेनस्टाइनला तीन वर्षांचे ८७ मिलियन देता आले.

आणि मधला माल म्हणजे काय? त्याचं क्लासिक उदाहरण २०१६ चा उन्हाळा. टीव्हीचे नवीन पैसे आले आणि कॅप ७० वरून एकदम ९४ मिलियनवर गेला. लीग म्हणत होती टप्प्याटप्प्याने वाढवू, प्लेयर्स युनियन म्हणाली नको. एका रात्रीत सगळ्यांच्या खिशात पैसे, आणि चांगले खेळाडू तेवढेच. लेकर्सनी मॉझगॉवला चार वर्षांचे ६४ मिलियन दिले आणि लुओल डेंगला ७२, न्यूयॉर्कने जोकिम नोआला ७२. माणसं चांगली होती हो, वाईट म्हणत नाही, पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एका वर्षात लेकर्सना मॉझगॉव घालवायला डीअँजलो रसेल द्यावा लागला, जो त्यांनी दोनच वर्षांपूर्वी ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर घेतला होता. म्हणजे महाग माल फेकायला स्वस्त माल हुंडा म्हणून द्यायचा. आणि त्याच उन्हाळ्यात गोल्डन स्टेटने काय केलं? त्यांच्याकडे करी चार वर्षं ४४ मिलियनच्या कॉन्ट्रॅक्टवर होता, २०१२ ला घोट्याच्या दुखण्यामुळे स्वस्तात केलेला, त्यामुळे त्यांच्या शीटवर जागा झाली आणि केविन ड्युरँट आला. पैसा दोघांनाही सारखाच मिळाला होता. त्या अनुभवावरून पुढे नियम झाला की कॅप एका वर्षात १० टक्क्यांच्या वर वाढणार नाही, म्हणून ७६ बिलियनच्या आसपासची ११ वर्षांची नवीन टीव्ही डील आली तरी २०२५-२६ ला बरोबर १० टक्केच वाढ झाली.

मधलं कॉन्ट्रॅक्ट का घातक, तर ते देताना कोणाला धोका वाटत नाही. सुपरस्टारला देताना मालकासकट सगळे चार रात्री झोपत नाहीत, आणि बाराव्या खेळाडूला देताना रक्कमच लहान. मधल्याला देताना सगळे म्हणतात चांगला पोरगा आहे, शूटिंग येतं, दुसरी टीम सोळा देतेय तर आपण अठरा देऊ. असे तीन झाले की चोपन्न मिलियन गेले आणि टीम निम्म्याच, ४१ मॅच जिंकते, म्हणजे प्लेऑफमध्ये पहिल्या फेरीत हार आणि ड्राफ्टमध्ये पंधरावा नंबर. धड ना इकडची ना तिकडची.

पण थांबा, मधले कॉन्ट्रॅक्ट अजिबात नकोत असंही नाही, इथे नवीन लोक दुसऱ्या टोकाला जातात. एनबीएत कॅपच्या वर असलेल्या टीमला ट्रेड करताना पगार जुळवावा लागतो. तुम्हाला ३० मिलियनवाला माणूस हवाय आणि तुमच्याकडे दोन मॅक्सवाले आणि बाकी दोन-दोन मिलियनवाली पोरं असली तर काय देणार? सुट्टे पैसेच नाहीत. पंधरा मिलियनवाले दोन चांगले खेळाडू म्हणजे ते सुट्टे. म्हणून बघायचं ते किती दिले त्यापेक्षा किती वर्षं दिले. दोन वर्षांचं जरा महाग कॉन्ट्रॅक्ट मी कधीही घेईन, चार वर्षांचं बेताचं घेताना मात्र हात थरथरला पाहिजे.

वर्षांवरून आठवलं, या कामात अर्धी अक्कल तारखांची आहे. २०१५ ला सॅन अँटोनिओने कवाय लेनर्डला सांगितलं तू थांब, सही नंतर कर. का, तर सही होईपर्यंत त्याचा शीटवरचा आकडा फक्त ७ मिलियनच्या आसपास, याला कॅप होल्ड म्हणतात. तेवढ्या जागेत त्यांनी लामार्कस ऑल्ड्रिजला घेतलं आणि मग बर्ड राइट्सने लेनर्डला मॅक्स दिला. त्याने आधी सही केली असती तर ऑल्ड्रिज आलाच नसता. एका खेळाडूने दोन आठवडे धीर धरला एवढीच त्याची किंमत. डेन्व्हरने २०१८ ला योकिचचं उलटं केलं, त्याचं दीड मिलियनचं एक स्वस्त वर्ष बाकी होतं ते स्वतःहून सोडून दिलं आणि लगेच पाच वर्षांचं मोठं कॉन्ट्रॅक्ट दिलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल हातचं सोडलं, पण ते वर्ष वापरलं असतं तर पुढच्या उन्हाळ्यात तो पूर्ण मोकळा झाला असता आणि इतर टीमच्या ऑफरशी बरोबरी करून त्याला ठेवायचा हक्क डेन्व्हरकडे उरला नसता. एका स्वस्त वर्षाच्या बदल्यात पाच वर्षांची निश्चिंती. दुसऱ्या फेरीत ४१ व्या नंबरवर मिळालेला माणूस होता तो, एवढंच फक्त नशीब.

आता हे वाचून कोणाला वाटेल की शीट बरोबर केली की झालं, तर त्याला मी फिलाडेल्फिया दाखवतो. २०२४ ला त्यांनी लेनर्डवालीच युक्ती टायरीस मॅक्सीवर केली, एक वर्ष कॉन्ट्रॅक्ट वाढवून दिलं नाही, १३ मिलियनचा कॅप होल्ड ठेवला, त्या जागेत पॉल जॉर्जला चार वर्षांचे २१२ मिलियन दिले आणि मग मॅक्सीला २०४. आमच्या धंद्यातल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवाव्या असं काम. सीझनमध्ये एम्बीड १९ मॅच खेळला, जॉर्ज ४१, आणि टीम २४ जिंकून ५८ हरली. चौतिशीतल्या खेळाडूला चौथ्या वर्षाचे पैसे देताना गुडघ्याचा हिशोब एक्सेलमध्ये कुठल्या कॉलममध्ये लिहायचा ते मला अजून कळलेलं नाही.

लीग आणि प्लेयर्स युनियनच्या २०२३ च्या करारानंतर मात्र खेळच बदलला, दुसऱ्या एप्रनमुळे. आधी श्रीमंत मालक टॅक्स भरायचा आणि मजा करायचा. आता दुसऱ्या एप्रनच्या वर गेलात की पैसे देऊन सुटका नाही, हातच बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा घेता येत नाही, ट्रेडमध्ये रोख देता येत नाही, दिला त्यापेक्षा एक डॉलर जास्त पगार घेता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो, आणि वारंवार वर राहिलात तर तो पिक फेरीच्या शेवटी ढकलला जातो. फिनिक्सने हे सगळं एकाच वेळी भोगलं. ड्युरँट, बुकर आणि ब्रॅडली बील, तिघांना मोठा पगार, त्यात बीलच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नो-ट्रेडची अट, म्हणजे तो हो म्हणेपर्यंत हलवता येत नाही. २०२४-२५ ला लीगमधली सगळ्यात महाग टीम, ३६ विजय, प्लेऑफसुद्धा नाही. शेवटी ड्युरँटला ह्यूस्टनला पाठवलं आणि बीलला सोडलं, उरलेल्या दोन वर्षांचे पैसे पाच वर्षांवर पसरवले, दरवर्षी १९ मिलियनच्या वर, आणि तो माणूस खेळणार दुसऱ्यासाठी. एखाद्याने गाडी विकावी आणि हप्ते पुढची पाच वर्षं भरावे तसं.

बोस्टनचं दुःख वेगळं, त्यांनी तर सगळं बरोबर केलं होतं. २०१३ ला ब्रुकलिनला म्हातारे होत चाललेले गार्नेट आणि पिअर्स दिले आणि आवळा देऊन कोहळा काढला, बदल्यात मिळालेल्या पिकांतूनच पुढे जेलन ब्राउन आणि टेटम आले. २०२४ ला चॅम्पियन. पण पोरं मोठी झाली की पगार मोठे होतात, ब्राउनला ३०४ पर्यंत, टेटमला ३१४, आणि २०२५-२६ चा टॅक्ससकट खर्च पाचशे मिलियनच्या आसपास जाणार असा हिशोब मांडला जात होता. त्यातच २०२५ च्या मे महिन्यात टेटमची टाचेमागची शीर तुटली. उन्हाळ्यात हॉलिडे पोर्टलंडला, पोर्झिंगिस अटलांटाला. चॅम्पियन टीम एका वर्षात विस्कटली.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, म्हणजे कळेल हे आकडे किती नाजूक असतात. आमच्या टीमने एका उन्हाळ्यात मिड-लेव्हलचा, म्हणजे कॅपच्या वर असूनही बाहेरचा खेळाडू घ्यायला मिळणाऱ्या ठरावीक रकमेचा, मोठा हिस्सा वापरला होता, तसं केलं की पहिला एप्रन तुमच्यासाठी खरीखुरी भिंत होतो, वर्षभर एक डॉलरही वर जाता येत नाही. फेब्रुवारीत ट्रेड डेडलाइनच्या दिवशी माझी शीट सांगत होती आपण आठ लाख डॉलर खाली आहोत, डील जवळपास पक्की. एका खेळाडूच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ऑल-स्टार मॅचसाठी निवडला गेला तर बोनस अशी अट होती. आदल्या वर्षी तो झाला नव्हता म्हणून कॅपमध्ये तो बोनस धरत नाहीत, मीही नाही धरला. पण एप्रन मोजताना असे न मिळण्यासारखे बोनससुद्धा धरतात! माझ्या शेजारी बसणाऱ्या सिनियरने डेडलाइनच्या तासभर आधी विचारलं, अरे याचा बोनस कुठाय. आम्ही वरती होतो. मग धावपळ करून एक राखीव खेळाडू दुसऱ्या टीमच्या गळ्यात घातला आणि वर सेकंड राउंडचा एक पिक द्यावा लागला. त्या पिकचं पुढे काय झालं हे मी मुद्दामच शोधलं नाही.

आपल्याकडच्या लोकांना जवळचं एक उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या दोन प्रीसीझन मॅच झाल्या, सॅक्रामेंटो विरुद्ध इंडियाना, सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचेच. तेव्हा साबोनिस इंडियानाच्या टीममध्ये होता. २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच दोन टीमनी मोठा ट्रेड केला, साबोनिस सॅक्रामेंटोला आणि टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला. सॅक्रामेंटोला तेव्हा फायदा झालाच, पुढच्या सीझनला १६ वर्षांनी ते प्लेऑफमध्ये गेले, त्यामुळे मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. पण शीट बघा, साबोनिस तयार झालेला, पगार मिळवणारा खेळाडू आणि हॅलिबर्टन रूकी कॉन्ट्रॅक्टवर दुसऱ्या वर्षाला. इंडियानाने एक चांगला खेळाडू आणि त्याच्याबरोबर दोन-अडीच स्वस्त वर्षं घेतली, तो स्वस्त असतानाच बाजूची टीम उभी केली, पुढे सियाकाम आणला, आणि २०२५ ला टॅक्स न भरता फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत गेले. न्यूयॉर्कचं थोडं वेगळं, तिथे ब्रन्सनने २०२४ ला एक वर्ष थांबण्याऐवजी आत्ताच सही केली आणि ११३ मिलियन सोडून दिले असं गणित निघतं, पण खेळाडूच्या मोठ्या मनावर प्लॅन करता येत नाही, मिळालं तर देवाचा प्रसाद.

तर टीम हातात आली तर पहिलं काय? मी पहिल्या आठवड्यात कोणालाही घेणार नाही, कोणालाही सोडणार नाही. मी एक मोठा कागद भिंतीवर लावेन आणि फक्त संपायच्या तारखा लिहीन, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट कुठल्या उन्हाळ्यात संपतं, ऑप्शन, म्हणजे शेवटचं वर्ष ठेवायचं की सोडायचं हा निर्णय, टीमच्या की खेळाडूच्या हातात आहे, कुठल्या पोराचा रूकी पगार कधी संपून पंचवीस टक्क्यांवर उडी मारणार. चालू वर्षाकडे बघायचंच नाही, तिसऱ्या वर्षाकडे बघायचं. आणि मग स्वतःला विचारायचं, आपल्याकडे तो एक माणूस आहे का ज्याला मॅक्स दिला तरी स्वस्त पडेल. नसेल तर बाकी सगळी हुशारी ४१ विजयांसाठी आहे, आधी पिक जमवा.

ओक्लाहोमाने हेच केलं, पण आधी एकदा हात पोळून घेतले. २०१२ ला थोड्याशा रकमेवरून हार्डनशी जमलं नाही आणि त्याला ह्यूस्टनला देऊन टाकलं, तेव्हा ते नुकतेच फायनल खेळून आले होते. २०१९ ला पॉल जॉर्ज क्लिपर्सला देताना त्यांनी शाई गिल्जस-अलेक्झांडर आणि पाच पहिल्या फेरीचे पिक मागितले, त्यातल्याच एकातून जेलन विल्यम्स आला. मग सलग दोन वर्षं २२ आणि २४ विजय, एकदा मेम्फिसकडून ७३ पॉइंटनी हार, लीगच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. लोक हसत होते. आता बिलं येणार, शाई चार वर्षांचे २८५ मिलियन, विल्यम्स २८७ पर्यंत, होल्मग्रेन २५० पर्यंत, या दोन पोरांचे मोठे पगार २०२६-२७ ला सुरू होतात. आणि आता त्याच टीमच्या डॉर्ट आणि हार्टेनस्टाइनची कॉन्ट्रॅक्ट काढून बघा, डॉर्टचं २०२२ चं, हार्टेनस्टाइनचं २०२४ चं, म्हणजे होल्मग्रेन-विल्यम्सच्या या सह्यांच्या कितीतरी आधीची. दोघांचंही शेवटचं वर्ष २०२६-२७, आणि दोघांच्याही त्या वर्षावर टीम ऑप्शन आहे.